चोवीस कोड आणि एक पिपाणी

पिपाणीला कुणी काहीही विचारलं, "तुला येतं का गं?", की उत्तर तयार असायचं. "येतं!" शिलाई मशीन येतं, नकाशा वाचता येतो, दोन शेजारणींचं भांडण मिटवता येतं, कुत्र्याला अंघोळ घालता येते. यातलं तिने प्रत्यक्षात काय केलं होतं म्हणाल, तर कुत्र्याची अंघोळ. एकदाच. आणि तीही अर्ध्यावर सोडून कुत्रा निघून गेला होता.

वर्षभरापूर्वी हीच मुलगी दुकानात खोडरबर मागायचं तर घरून चिठ्ठी लिहून न्यायची. मग एके सकाळी शाळेत भाषण करणारी मुलगी तापाने फणफणली, बाईंनी समोर दिसली तिला स्टेजवर ढकललं आणि ही कागद घट्ट धरून बोलत सुटली. पहिली दोन मिनिटं माइक बंद होता. हिला पत्ताच नाही. माइक सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या तिला होत्या की माइकला, याची चौकशी तिने आजतागायत केलेली नाही. पण त्या दिवशी जो नळ सुटला तो सुटलाच. आईने हात टेकले आणि मावशीने नाव ठेवलं, पिपाणी.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बारा वर्षं दुसऱ्याच्या पार्लरमध्ये उभं राहून केस कापल्यावर, पायांच्या शिरा निळ्या झाल्यावर, तिने गेल्या वर्षी स्वतःचं पार्लर काढलं. एक खोली, दोन खुर्च्या, मान टेकायला खाच असलेलं एक बेसिन आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या हॉस्पिटलची भिंत. हे धाडस तिला जमलं ते एका कूपन कंपनीच्या जोरावर. मोठमोठ्या कचेऱ्या या कंपनीची कार्डं घेऊन आपल्या माणसांना भेट द्यायच्या. पैसे आधीच भरलेले. कार्ड घेऊन यायचं, केस धुऊन, कापून घ्यायचे आणि डोकं हलकं करून घरी जायचं. कंपनीच्या यादीत मावशीचं पार्लर होतं म्हणून गिऱ्हाईक दार शोधत येत होतं. यादीतून नाव उडालं, तर कुलूप लावून पुन्हा दुसऱ्याच्या पार्लरमध्ये उभं राहायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पिपाणीलाही होतं. नव्हतं असं म्हणायला तिला तोंडच नाही.

कार्डाच्या मागे चंदेरी पट्टी असायची. ती खरवडली की खाली दहा आकडी कोड. मावशीने तो आपल्या फोनवरून कंपनीला मेसेज करायचा, कंपनीचं उत्तर यायचं, की झालं. एक कोड एकदाच चालायचा. कंपनीकडे नोंदवलेला हा फोन जुना, बटणांचा होता. त्याच्या पडद्यावर मेसेजची एकच ओळ मावायची. पुढचं वाचायचं तर खाली जाणारा बाण दाबत बसावं लागायचं.

आणि मावशीचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने कापलेले केस आरशात बघून मान हलवली, की मगच कोड पाठवायचा. त्याआधी नाही.

"पण का?" पिपाणीने एकदा विचारलं होतं.

मावशीच्या तोंडात चार चिमटे होते. त्यातून ती जे बोलली त्याचा अर्थ "झाडू कुठाय?" असा होता. पिपाणी शाळा सुटल्यावर पार्लरमध्ये यायची ती झाडू मारायला आणि टॉवेल वाळत घालायला. केसांना हात लावायची परवानगी नव्हती.

मागच्या आठवड्यात मात्र या नियमाने घोटाळा झाला. एका काकूंचे केस धुतले, कापले, वाळवले, काकूंनी मान हलवली, कोड पाठवला, तर उत्तर आलं, "कोड आधीच वापरलेला आहे." लेकीने आईचं कार्ड परस्पर दुसरीकडे उडवलं होतं. काकू रडवेल्या, मावशी ओशाळली आणि कोपऱ्यात झाडू धरून उभ्या असलेल्या पिपाणीच्या डोक्यात एक तेजस्वी विचार लखलखला: कोड आधीच तपासून ठेवले तर?

तो विचार तिने आठवडाभर जपला. शुक्रवारी त्याला पाय फुटले.

दुपारचे चार वाजत होते. मावशी शॅम्पूचे डबे आणायला गेली होती. दार ढकलून हॉस्पिटलची चष्मेवाली सिस्टर आत आली. तिच्या हातात जाडजूड पाकीट होतं.

"ताई नाहीत?"

"येतील अर्ध्या तासात. मला सांगा ना!"

"आमच्या हॉस्पिटलने यंदा सगळ्या सिस्टर्सना तुमची कार्डं दिलीत. चोवीस आहेत. प्रत्येकावर नाव घातलंय, जिचे तिचे फोन नंबर कंपनीला दिलेत. इथेच राहू देत बाई. एप्रनच्या खिशात ठेवतात आणि एप्रन जातो धुलाईला. यातली दोन तर लाँड्रीतून परत आलीत. जशी जिची ड्यूटी सुटेल तशी ती येईल." मग तिने एक कार्ड उजेडात धरून पाहिलं. "भिजलेली चालतात ना पण? कोड चालू आहेत का, ते बघता येतं का तुला?"

आता विचारलंच तिने.

"येतं!" पिपाणी म्हणाली.

सिस्टर गेली. पिपाणीने दार लोटून घेतलं, नखं घासायची कानस घेतली आणि पहिलं कार्ड खरवडलं. चंदेरी भुगा उडाला. आहाहा! चंदेरी पट्टी खरवडण्यात काय सुख असतं हे ज्याने खरवडलीय त्यालाच कळेल, आणि इथे तर एकदम चोवीस. तिने वहीत पट्टी धरून तांबड्या पेनाने रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, कोड, शेरा. पहिला कोड पाठवला. फोन टिणटिणला. पडद्यावर ओळ आली: "कोड योग्य आहे." शेऱ्याच्या रकान्यात बरोबरची खूण. दुसरा. "कोड योग्य आहे." खूण. लाँड्रीतून आलेली दोन्हीसुद्धा योग्य निघाली तेव्हा तर तिला आपण कुणाचा तरी जीव वाचवला असं वाटलं.

पस्तीस मिनिटांत चोवीस खुणा. एकही कोड खोटा नाही. वही हातभर लांब धरून ती बघत राहिली. मावशी येऊन हे बघेल, तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती म्हणेल, इतके दिवस मी तुला झाडू का दिला. यातलं पाण्याचं भाकीत पुढे खरं ठरलं.

तेवढ्यात तोच फोन वाजला.

"केस कापायचं दुकान का?" बाईचा आवाज. थर्मामीटरसारखा सरळ आणि थंड.

"हो, बोला ना!"

"समोरच्या हॉस्पिटलची मेट्रन बोलतेय. मला एवढंच सांग, माझे केस कोणी कापले?"

"म्हणजे?"

"मला मेसेज आलाय. वाचते. 'आपण नुकतीच केस धुणे व कापणे ही सेवा घेतलीत. खरं असल्यास १ पाठवा, नसल्यास ०. मुदत रविवार दुपारी चारपर्यंत.' मी सकाळपासून वॉर्डात आहे. टोपी काढून बघितली. केस होते तेवढेच आहेत."

मागून कुणीतरी खिदळलं. "मेट्रनबाई, मलापण आलाय! मी तर ऑपरेशनला उभी होते!" आणखी एक आवाज आला, "माझ्या डोक्याला दोन दिवसांत पाणी नाही लागलं, आणि म्हणे धुतले!"

पिपाणीने फोन कानापासून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बाण दाबला. "कोड योग्य आहे" च्या खाली दुसरी ओळ होती: "सेवा पूर्ण झाल्याची नोंद केली." पुन्हा दाबला. तिसरी ओळ: "हा कोड आता बाद."

तिने वहीतल्या खुणा पुन्हा मोजल्या. चोवीसच होत्या.

"बाई... मी फक्त तपासत होते."

"तपासत होतीस." मेट्रनबाई म्हणाल्या. "काडेपेटीतल्या काड्या पेटतात की नाही ते बघायला सगळ्या ओढून बघितल्यास म्हण."

मावशी दोन हातांत दोन डबे घेऊन आली तेव्हा पिपाणी टॉवेलांच्या ढिगाआड बसली होती. तिने नुसती वही पुढे केली. मावशीने वही वाचली. मग फोन वाचला, खालपर्यंत. मग पुन्हा वही.

"रकाने किती सुंदर आखलेस गं," मावशी म्हणाली. तिचे डोळे खरंच भरून आले होते.

मावशीने कंपनीला फोन लावला. हेल्पलाइनवाली फार गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्या माणसाकडून वाईट बातमी ऐकणं हा निराळाच छळ असतो.

"मॅडम, आपल्याकडे खुर्च्या दोन, आणि पस्तीस मिनिटांत चोवीस जणींचे केस कापल्याची नोंद झालीय. मशीन बसवलंय का?"

"नाही," मावशी म्हणाली. "भाची बसवलीय."

हेल्पलाइनवालीला हसू आलं असावं, पण तिने ते कामावर असल्यामुळे गिळलं. बाद झालेला कोड जिवंत होत नाही, ती म्हणाली. इतक्या भराभर नोंदी आल्या की यंत्र आपोआप लाल शेरा मारतं. चोवीसच्या चोवीस जणींकडून रविवारी चारच्या आत १ आला तर लाल शेरा पुसला जाईल. एकीने जरी ० पाठवला किंवा काहीच पाठवलं नाही, तर सोमवारी यादीतून नाव जाईल. "आणखी काही मदत करू का, मॅडम?"

मावशीने फोन ठेवला आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पिपाणीने ओरडण्याची दहा मिनिटं वाट पाहिली. आणि मग, एवढं होऊनही, तिच्या डोक्यात दुसरा तेजस्वी विचार आला.

"मावशी! सगळ्यांना सांगूया की आत्ताच १ पाठवून टाका. केस कापायला सावकाश या. कुणाचं काहीच जात नाही!"

मावशी नको म्हणेपर्यंत हिने चष्मेवाल्या सिस्टरला फोन लावलासुद्धा. सिस्टरने स्पीकर चालू केला. बऱ्याचजणी तयार होत्या. "पाठवते गं, त्यात काय!" मघाशी खिदळलेल्या हसऱ्या सिस्टरचा आवाज आला.

"कुणी पाठवायचा नाही," मेट्रनबाईंचा आवाज आला. "गोळी पेशंटच्या पोटात गेल्याशिवाय तक्त्यावर सही करायची नाही, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी शिकवलंय की नाही? आज केसांसाठी खोटी सही कराल, उद्या सलाइनसाठी. केस कापून झाले की १. नाही झाले तर मी ० पाठवणार. मुली, ऐकते आहेस ना?"

"हो," पिपाणी म्हणाली आणि आशेने मावशीकडे बघितलं. मावशी आपल्या बाजूने बोलेल, निदान थोडी रडेल.

"बरोबर आहे त्यांचं," मावशी म्हणाली. "माझा नियम काय वेगळा होता?" तिने घड्याळ बघितलं, अंगातला बाहेरचा कोट काढला. "त्यांना सांग, आज ज्यांची ड्यूटी सुटलीय त्या लगेच या. उद्या सकाळी सातला दार उघडेल. मी कापेन."

"आणि धुणार कोण?"

मावशीने तिच्याकडे नुसतं बघितलं.

असं पिपाणीला बढती मिळाली. शिकवणी दीड मिनिटाची झाली. "पाणी आधी आपल्या मनगटावर. मग त्यांच्या कपाळावर हात आडवा. नखं लावायची नाहीत, बोटांची पेरं. आणि तोंड बंद."

पहिली हसरी सिस्टर बसली. पिपाणीने नळ सोडला आणि पाणी केस वगळता सगळीकडे गेलं. कानात, मानेवरून पाठीत, पाठीतून कमरेत.

"अगं अगं अगं! आम्ही सलाइनसुद्धा याहून हळू सोडतो, बाई!"

"सॉरी सिस्टर, सॉरी, कान पुसू का?"

"पूस. आणि उद्या माझं हे बोट कुणाच्या शिरेत सुई घालणार आहे, तेवढं ध्यानात ठेवून मला सर्दी करू नकोस."

दुसरीच्या डोळ्यांत फेस गेला. तिसरीची क्लिप पिपाणीने केसांतच धुतली आणि नंतर ती सापडेना. पण शनिवारी, सातव्या-आठव्या डोक्याच्या सुमारास, हाताला काहीतरी उमगलं. कुणाचं डोकं जड पडतं, कुणाचं अवघडून धरलेलं असतं, मानेमागे अंगठा ठेवला की ते कसं सैल सुटतं. रात्रपाळी करून आलेली एक सिस्टर तर बेसिनमध्येच घोरायला लागली. मावशीने खूण केली, झोपू दे. आणि तोंड बंद ठेवावं लागल्यामुळे पिपाणीला आणखी एक गोष्ट कळली: डोकं दुसऱ्याच्या हातात दिलं की माणसं आपोआप बोलतात, त्यांना पिपाण्यांची गरज नसते. एकीची सासू, एकीचं घर गळतं, एकीला नोकरी सोडायचीय पण मेट्रनबाईंना सांगायची छाती होत नाही. प्रत्येकजणी आरशात बघून मान हलवायची आणि जाता जाता १ पाठवायची. पिपाणी वहीत नव्या रकान्यात खूण करायची. हा रकाना हाताने आखलेला होता, वाकडा. पट्टी शोधायला वेळ कुठे होता?

शनिवारी झोपताना तिची बोटं वाळलेल्या मनुकांसारखी झाली होती. मावशीचा उजवा हात तर कात्री सोडल्यावरही कात्री धरल्यासारखाच राहायचा.

रविवारी दुपारी तीन वाजता एकवीस खुणा झाल्या होत्या. एका खुर्चीत अर्धे कापलेले केस घेऊन एक सिस्टर, दुसरीत ओले केस घेऊन दुसरी. राहिल्या फक्त मेट्रनबाई. तेवढ्यात चष्मेवालीचा फोन आला.

"मेट्रनबाई येऊ शकत नाहीत गं. दुपारच्या सिस्टरचा मुलगा जिन्यावरून पडला, ती आली नाही. वॉर्ड सोडून बाई हलणार नाहीत. चारपर्यंत तर नाहीच नाही."

मावशीने एक खुर्ची बघितली, दुसरी बघितली, घड्याळ बघितलं. यातल्या एकीलाही असं अर्धवट सोडणं शक्य नव्हतं. तिने एका पिशवीत कापड, टॉवेल, शॅम्पू, कंगवा आणि आपली जुनी कात्री घातली.

"तू जाऊन त्यांचे केस धू. या दोघींचं उरकून मी पळत येतेच कापायला. आणि कात्री नीट ने, धावू नकोस."

पिपाणी धावली नाही. ती इतकी भराभर चालली की वाटेतल्या एका आजोबांनी विचारलं, काय गं, कुणाला काय झालं?

मेट्रनबाई हुद्द्याला शोभतील अशा उंच होत्या. वॉर्डाला लागून सिस्टर्सची छोटी खोली होती, तिला काचेची खिडकी. काचेपलीकडे बारा खाटा. "इथून सगळे दिसतात," त्या म्हणाल्या. "इथेच धू. मी मान वर करेन तेव्हा थांबायचं." त्यांनी टोपी काढली, काटे काढले, अंबाडा सोडला. केस कमरेखाली आले. काळे आणि रुपेरी, अर्धे अर्धे. दारातल्या चष्मेवालीचं तोंडच उघडं राहिलं. इतकी वर्षं एका वॉर्डात काम करून कुणी तो अंबाडा सुटलेला पाहिला नव्हता.

"शेवटचे कधी कापले होते?" पिपाणीने विचारलं.

"आठवत नाही म्हणजे बरीच वर्षं झाली. बोलू नकोस, धू."

हात धुवायच्या स्टीलच्या बेसिनवर, मगाने पाणी घेत, पिपाणीने धुवायला सुरुवात केली. मेट्रनबाईंनी तीन वेळा मान वर केली, एकदा तर फेसासकट उठून काचेवर टकटक केली आणि सात नंबरच्या पेशंटला नळी ओढू नकोस म्हणून बोटाने दम भरला. तरी पावणेचारला केस स्वच्छ. टॉवेलने टिपले. विंचरले. मावशीचा पत्ता नाही. तीन पन्नास. दारात चष्मेवाली दर मिनिटाला जिन्याकडे बघून मान हलवत होती. कुणी नाही.

मेट्रनबाईंनी पिशवीतल्या कात्रीकडे पाहिलं. "तुला कापता येतं का?"

पिपाणीचं तोंड सवयीने उघडलं. "ये..." इतकं बाहेर आलंसुद्धा. पण समोर कमरेखाली जाणारे ते केस होते, ते केस असलेली बाई होती, आणि ही बाई 'येतं' म्हटल्यावर खरंच मान पुढे करणार होती.

"नाही," ती म्हणाली. "मला कापता येत नाही. मला फक्त धुता येतं. तेही परवापासून." तिने बाहीने डोळे पुसले. "तुम्ही ० पाठवलात तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, मावशीचं पार्लर बंद होईल. पण ते तुमच्यामुळे नाही होणार, माझ्यामुळे होईल. तेवढं मी तिला सांगेन."

मेट्रनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. भाषण संपलंय की अजून आहे याचा अंदाज घेत असाव्यात.

"कार्डावर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"केस धुणे व कापणे."

"सरळ कापणे असं लिहिलंय?"

"नाही."

"मग रडू नकोस, हात थरथरतो. सिस्टर, एक बँडेज द्या." त्यांनी केस पाठीवर एकत्र घेतले आणि टोकापासून चार बोटं वर स्वतःच बँडेज गुंडाळून घट्ट गाठ मारली. "या पट्टीच्या खाली काप. पट्टीला कात्री लावू नकोस, मला लावू नकोस. चल."

पिपाणीने कात्री धरली. केस कापताना करकर असा आवाज येतो, हे तिने हजारदा ऐकलं होतं. आपल्या हातातून आला की तो दाढ उपटल्यासारखा ऐकू येतो, हे तिला तेव्हा कळलं. अर्ध्यापर्यंत ठीक गेलं. मग सात नंबरच्या पेशंटने नळीला पुन्हा हात घातला, मेट्रनबाईंनी मान वर केली, बँडेज तिरकं सरकलं, आणि कात्री बँडेजवर विश्वास ठेवून तशीच तिरकी गेली.

फरशीवर केस पडले. तीन सत्तावन्न.

मेट्रनबाईंना घाई अशी नव्हतीच. त्यांनी स्टीलचा ट्रे उलटा करून त्याच्या चकचकीत पाठीत केस बघितले. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं लांब. त्यांनी हात साबणाने धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, शिकवतात तसे. ते पुसले. मग खिशातून फोन काढला, चष्मा लावला, मेसेज पहिल्यापासून वाचला आणि १ पाठवला.

पिपाणीने कात्री पिशवीत ठेवली.

मेट्रनबाईंचा फोन वाजला. "आता विचारतायत, पाचपैकी किती गुण द्याल." त्यांनी आकडा दाबला.

पिपाणीने मान लांब करून पाहिलं. "दोन?"

"दीड धुण्याचे. अर्धा कापण्याचा."

"अर्धा तरी कशाचा?"

"दोन्ही कान शाबूत आहेत."

इतक्यात मावशी धापा टाकत दारात आली. एका हातात कात्री, एका हातात तोच बटणांचा फोन. तिने फरशीवरचे केस बघितले, मग मेट्रनबाईंची पाठ बघितली आणि कपाळावर हात मारला. "हे काय केलंस गं कार्टे! बाई, बसा तुम्ही, दोन मिनिटांत सरळ करून देते."

"नको." मेट्रनबाईंनी अंबाडा वळायला घेतला होता. "माझं कूपन वापरून झालंय. एकाच वेळचं होतं." काटे खोचून, वर टोपी ठेवून त्या वॉर्डात गेल्यासुद्धा, सात नंबरकडे.

मावशीच्या हातातला फोन टिणटिणला. तिने तो जिन्यातच थांबून वाचला. चोवीस नोंदी खऱ्या ठरल्या, लाल शेरा काढला, पार्लरचं नाव यादीत कायम. मग ती पिपाणीच्या खांद्यावर हात टाकून निम्मा भार तिच्यावर देत चालू लागली. पिपाणीला तो भार फार जड वाटला आणि तिने तो अजिबात हलवला नाही.

वाटेत तिने दोन गुणांचा हिशेब मावशीला सांगून टाकला. पार्लरमध्ये येऊन मावशी आपल्या खुर्चीत बसली नाही. ती बेसिनपाशी गेली, मान त्या खाचेत टेकवली आणि डोळे मिटले.

"धू माझे," ती म्हणाली. "बघू तरी दीड गुण कशाचे मिळाले."

पिपाणीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. इतका राहिला नाही, की मनगट-बिनगट सगळं विसरून तिने नळ पूर्ण सोडला. तीन दिवसांत तेवीस डोकी धुऊन गिझर कधीच रिकामा झाला होता. बर्फासारखी धार मावशीच्या टाळूवर पडली आणि मावशीने जी किंकाळी फोडली, ती समोरच्या वॉर्डात सात नंबरलाही ऐकू आली. मेट्रनबाईंनी म्हणे घड्याळ बघून तशी नोंद केली.